एक्केचाळीस नंबरची तपासणी

६ ऑगस्ट २००७, सोमवार

ओमकारने आज नवीन काम गळ्यात मारलं. वेब ॲप्लिकेशन आपोआप तपासणारं एखादं टूल शोधायचं, तेही महिन्याभरात. "दीपाली, तू निवड. तू म्हणशील ते घेऊ," म्हणाला. म्हणजे चुकलं तर माझ्या नावावर. कॉलेजात प्रॅक्टिकलला माझा पार्टनर होता तेव्हाही हेच करायचा. आता मालक झालाय, एवढाच फरक.

काम खरंच अडलंय हे मात्र कबूल. नाटे बंदरातल्या मच्छीमार सोसायटीसाठी आम्ही जे बनवतोय त्यात रोज काहीतरी बदलतं, आणि बदललं की सगळं पहिल्यापासून तपासा. बोट निघताना जेटीवरच्या ऑफिसात नोंद करायची: बोटीचं नाव, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख कोण, खलाशी किती, कधी परतणार. आली की आल्याची नोंद. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी आठपर्यंत ती नोंद झाली नाही, तर सोसायटीचे अध्यक्ष, कारकून आणि तांडेलाच्या घरचा एक मोबाईल, अशा तिघांना मेसेज जाणार. सगळा खटाटोप या एका मेसेजसाठी आहे.

तपासायचं काम आसियाचं. तेवीस वर्षांची पोर, नाट्याचीच, अब्बा स्वतः तांडेल. बी.कॉम. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्याकडे चिकटली. आठवडाभर राजिवड्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते, शनिवारी घरी जाते. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या आमच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून दिवसभर तीच तीच बटणं दाबते. एक्केचाळीस तपासण्या, दिवसातून दोनदा. आज म्हणाली, "ताई, मी झोपेत पण सेव्ह दाबते गो." दोघी हसलो. तिच्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

९ ऑगस्ट, गुरुवार

तीन टूलं सापडली. नावं इंग्रजी आणि हातभर लांब, म्हणून मी आपली बारशी करून टाकली. पहिलं सावकार: परदेशी, सगळं येतं, किंमत ऐकून ओमकारने चहाचा कप खाली ठेवला. दुसरं मास्तर: फुकट, पण प्रत्येक तपासणी प्रोग्रॅम लिहून समजवावी लागते. खोटं नाव, खोटी तारीख, सगळं आपणच लिहून द्यायचं, मग ते मुकाट करतं. तिसरं पोपट: हेही फुकट, ब्राउझरला जोडायचं. आपण एकदा हाताने करून दाखवायचं, ते टिपून घेतं आणि मग हवं तितक्या वेळा तसंच्या तसं करून दाखवतं.

आज साडेअकरा ते अडीच लाईट नव्हते. इन्व्हर्टरवर एकच मशीन चालतं, ते ओमकारने अडवलं. मी आणि आसिया गॅलरीत बसून शेंगा खाल्ल्या.

१४ ऑगस्ट, मंगळवार

मास्तर बसवून बघितला. मला फारच आवडला. मी एकटी असते तर आजच ठरवून मोकळी झाले असते.

पण वापरायचंय आसियाला. तिला शिकवायला बसले, दोन तास. कंस कुठे उघडला, कुठे मिटला यातच ती हरवली. मी एकदा चांगलीच ओरडले, लिहूनच ठेवते. ती बाथरूममध्ये जाऊन आली, तोंड धुतलेलं, डोळे लाल. म्हणाली, "हे घेतलंत तर मी काय करू मग? सर मला कशाला ठेवतील?"

मी म्हटलं, असं काही नाही. पण ओमकारच्या डोक्यात तेच असणार. एक टूल आलं की एक पगार वाचला, इतकं साधं गणित आहे त्याचं. दिवसभर माझंच डोकं उठलं होतं.

१८ ऑगस्ट, शनिवार

आसियाबरोबर नाट्याला जाऊन आले. सोसायटीत काम कसं चालतं ते प्रत्यक्ष बघावं म्हणून. एस.टी.ने हाडं खिळखिळी केली.

सोसायटीचे कारकून सखारामभाऊ. साठीला आलेले, गुडघे धरलेले, तोंडात पान. त्यांचं रजिस्टर बघितलं. शेवटचा रकाना 'परत'. बोट आली की तारीख. मी विचारलं, "आणि नाही आली तर काय लिहिता?"

सखारामभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "तसला लिवीत नाय बाय आम्ही. बोटीच्या नावापुढं तसला लिवायचा नाय. रकाना मोकळा ठेवायचा." आणि मग रोज दिवेलागणीला ते पानावरून हाताचं बोट फिरवत बघतात. जिथे मोकळं दिसेल त्या घरी स्वतः चालत जाऊन विचारतात. बावीस वर्षं. मी वहीत टिपलं: रिकामा रकाना म्हणजे आली नाही.

"आता नाही फिरावं लागणार भाऊ, मोबाईलवर मेसेज येईल," म्हटलं. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "देव तुमचा भला करो."

मग आसियाकडे जेवायला. सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तिचे अब्बा, मुसाचाचा, बोटीला रंग देत होते. बोटीचं नाव 'बरकत'. हात पुसत आले आणि मला म्हणाले, "सखाराम म्हातारा झालाय, चुकल एखाद वेळ. कॉम्प्युटर माज्या पोरीनं तपासलेला आसल तर मी निवांत जाईन." आसिया आत पळाली. निघताना चाचांनी सोड्यांची पुडी दिली, नको म्हटलं तरी पिशवीत कोंबली.

२३ ऑगस्ट, गुरुवार

पोपट घेतला. ओमकारला पटवायला सगळी कारणं दिली: फुकट आहे, लवकर शिकता येतं, या ॲप्लिकेशनला पुरेसं आहे. सगळी खरी आहेत. खरं कारण दिलं नाही, की पोपटाला करून दाखवायला कोणीतरी हवं, आणि ते आसियाला येतं.

तिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि सोडेचना. अम्मीला फोन लावून माझ्या कानाला दिला. अम्मी पलीकडून रडत होत्या की हसत, कळलं नाही. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. वाटू दे, एखादा दिवस.

३ सप्टेंबर, सोमवार

चाळीस तपासण्या टिपून झाल्या. आसिया कामाला बसली की वाघीण आहे. पोपट तिच्यासारखाच क्लिक करतो, फक्त भरभर. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. ब्राउझरमध्ये आपोआप नावं भरली जातात, बटणं दाबली जातात, ते बघायला शेजारचा झेरॉक्सवालाही येऊन गेला.

एक्केचाळीस नंबर राहिला. बोट परत आली नाही, ही तपासणी. यादीतली एक बोट घ्यायची, परतायची तारीख कालची टाकायची, आल्याची नोंद करायची नाही. मग स्क्रीनवर त्या नावापुढे लाल अक्षरात 'परतली नाही' येतं आणि मेसेज जातो. ते शब्द माउसने दाखवून द्यायचे, म्हणजे पोपटाला कळतं काय बघायचं.

आसिया म्हणाली, "ही मी नाय करायची."

मला वाटलं दमली. म्हटलं उद्या कर. तर म्हणे उद्या पण नाय. "ताई, त्या यादीत सगळ्या आमच्याच बोटी हायत. कुणाच्या नावापुढं टाकू?" मी म्हटलं, अगं खोटी बोट बनव. "खोट्या बोटीला पण कुणाचा तरी नाव लागताच ना." आणि तेही खोटं नाही, नोंदणी क्रमांक नि तांडेल भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही.

"इतके महिने हाताने काय करत होतीस मग?" विचारलं. खाली बघून म्हणाली, "ती सोडून बाकीच्या."

मला हसू आलं नि रागही. शिकलेल्या मुलीने असलं धरून बसावं! पण तिचा चेहरा बघून म्हटलं, जाऊ दे, मी करते. मी असलं काही मानत नाही.

५ सप्टेंबर, बुधवार

बसले होते एक्केचाळीस करायला. यादी उघडली. वरून चौथं नाव 'बरकत', तांडेल मुसा. ते नको म्हणून खाली गेले. खाली जी नावं होती त्यांच्याही घरी कोणी जेवायला वाढणारं असेलच. माउस धरून बसले नुसती. घरून आणलेला डबा समोर, त्यात चाचांनी दिलेले सोडे.

मग ओमकारने हाक मारली. मग लाईट गेले. नंतर राहिलं. एप्रिलमध्ये ओमकारने ही तपासणी एकदा हाताने केली होती, माझ्याच मोबाईलवर मेसेज आला होता. म्हणजे चालतंय ते. घाई काय आहे, उद्या करू.

७ सप्टेंबर, शुक्रवार

सोसायटीचे अध्यक्ष आज बघायला आले. काय थाट होता! पोपट सुरू केला, सगळं हिरवं, हिरवं, हिरवं. अध्यक्ष खुर्चीच्या टोकावर. ओमकार विजयी मुद्रेने उभा.

नंतर तपासणीचा तक्ता छापून द्यायचा होता. एक्केचाळीसपुढे मोकळं ठेवून कसं द्यायचं? तिथे 'पास' लिहिलं, पुढे माझं 'दी'. एप्रिलमध्ये चाललंच होतं की.

२२ ऑक्टोबर, सोमवार

ईद होऊन आठवडा झाला, तरी आसियाने आज परत शिरखुर्म्याचा डबा आणला. अम्मीने माझ्या नावाने वेगळा काढून ठेवला होता म्हणे.

सोसायटीची नवी मागणी: बोटी कधी कधी मासळी विकायला जयगडला किंवा हर्णैला लागतात. तेव्हा उगाच मेसेज जाऊन घरचे घाबरायला नकोत. म्हणून 'दुसऱ्या बंदरात' अशी एक नोंद हवी. ओमकारने दुपारपर्यंत जोडून टाकली. मी पोपट चालवला. सहा मिनिटांत चाळीसच्या चाळीस हिरव्या. पूर्वी आसियाचा यात अर्धा दिवस गेला असता. ही निवड मी केली, हे आज मला स्वतःलाच दोनदा सांगावंसं वाटलं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

सखारामभाऊंचा फोन. दिवाळीपासून रजिस्टर कपाटात ठेवून दिलंय, आता सगळं कॉम्प्युटरवर. संध्याकाळी घरी बसून बातम्या बघतात. बरं वाटलं ऐकून.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

विशेष काही नाही. ओमकार चिपळूणला गेला होता. संध्याकाळी साडेसहाला आसियाचा मोबाईल वाजला, बोलायला गॅलरीत गेली. आत आली ती हसत, "अम्मी ना, उगाच जीव काढते." मी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणाली.

पण मग आठपर्यंत बसून राहिली, मोबाईल समोर ठेवून. काम तर काही नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मेसेज वेळेवर जातात ना गो?" मी म्हटलं, आठच्या ठोक्याला. सव्वाआठला उठली, "चला, काय नाय," म्हणाली आणि गेली. तिच्यापायी माझी घरी जायची हातखंब्याची गाडी चुकली, पुढच्या गाडीला दांडीला लोंबकळत आले.

१ डिसेंबर, शनिवार

दुपारी ओमकारचा घरी फोन. 'बरकत' आलेली नाही.

सोमवारी निघालेली. गुरुवारी यायची होती, जुम्म्याच्या आधी. शुक्रवारी नाट्याची एकही बोट बाहेर जात नाही, त्यामुळे वाटेत कोणाला दिसायचाही प्रश्न नव्हता. कॉम्प्युटरवर 'दुसऱ्या बंदरात' दिसत होतं, म्हणून सगळे निवांत. आज सकाळी जयगडहून कोणी नातेवाईक आले, त्यांना सहज विचारलं तर म्हणाले मुसा तिथे लागलेलाच नाही. मग हर्णैला फोन. तिथेही नाही. अकराला बोटी शोधायला निघाल्या.

आसियाला फोन करते, उचलत नाही. आईने पानं घेतली, मी परत नंबर लावत बसले.

२ डिसेंबर, रविवार

मुसाचाचा गेले.

काल तीन तासांत सापडली बोट. त्यांची नेहमीची जागा, गावात सगळ्यांना माहीत असलेली. ओमकार नि मी आज मातीला गेलो होतो. तिथे चाचांचा पुतण्या फैझान भेटला, तो बोटीवर होता. गुरुवारी पहाटे परतताना दोर पंख्यात अडकला. चाचा स्वतः सुरी घेऊन पाण्यात उतरले, लाटेने बोट उचलली आणि पंख्याच्या पात्याने मांडी फाटली. लुंगीने आवळून बांधली. पंखा मोडलेला, मोबाईलला रेंज नाही. नांगर टाकून बसून राहिले, कोणी येईल म्हणून.

"चाचा शनिवारी पहाटे फजरच्या नमाजपर्यंत बोलत होता," फैझान म्हणाला. "आमाला धीर देत होता. म्हणत होता, मेसेज गेला आसल आठला, पयला आसियाच्या मोबाईलवर. येतीलच आता."

बरकतचा घरचा नंबर म्हणून आसियाचाच नंबर होता. तिनेच भरला होता, माझ्यासमोर.

३ डिसेंबर, सोमवार

काय झालं ते मला दहा मिनिटांत कळलं. ओमकारने 'दुसऱ्या बंदरात' जोडताना रकाना रिकामा असेल तर तेच धरलं. रिकामा रकाना म्हणजे आली नाही, हे माझ्या वहीत होतं, पण तो नवी नोंद जोडत होता तेव्हा मी त्याला आठवण केली नाही. आणि ही चूक जिने पकडली असती ती एकच तपासणी होती.

ओमकारने तक्ता काढला. एक्केचाळीस, पास, दी. "तू केली होतीस ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग टूलनेच घोळ घातला," म्हणाला आणि सोसायटीला द्यायचा रिपोर्ट लिहायला बसला. टूलमधील त्रुटी. मी शेजारी बसून त्याचं व्याकरण सुधारून दिलं. हे लिहिताना माझीच मला शिसारी येतेय.

५ डिसेंबर, बुधवार

आसियाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, मी ती केली नाय म्हणून झाला काय?"

मी म्हटलं, नाही गं, तुझा काय संबंध. टूलचा घोळ.

मग मागून कोणीतरी हाक मारली, तिने फोन ठेवला. तुझा काय संबंध म्हणाले ते खरंच होतं, तेवढं तरी खरं बोलले.

११ डिसेंबर, मंगळवार

मनात सारखे हिशेब मांडते. कोड ओमकारने बदलला. एप्रिलमध्ये चाललं होतं. सखारामभाऊंनी रजिस्टर बंद करायला नको होतं. मास्तर घेतला असता तर ती ओळ मी डोळे मिटून लिहून टाकली असती, यादीत कोणाचं नाव वाचावंच लागलं नसतं. पण पोपट घेतला तो चांगुलपणाने घेतला ना? सगळं मांडून झालं की खाली उरतं ते तेच, की मी न केलेल्या तपासणीपुढे पास लिहिलं. न मानणारी मी. आसियाने निदान तोंडावर सांगितलं होतं, नाय करायची म्हणून.

आई विचारते, काय झालंय गं तुला? कामाचा ताण म्हणते.

१३ डिसेंबर, गुरुवार

ओमकारला सांगितलं. सगळं. त्याने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "रिपोर्ट गेलाय. आता तोंड उघडू नकोस, दोघंही बुडू. पुढच्या कामाला ते महागडं टूल घेऊ, लागेल तेवढा खर्च करू."

माझं डोकंच फिरलं. "ज्या तपासणीला कोणी हात लावला नाही ती तुझं महागडं टूल कुठून करणार होतं?" ओरडले. झेरॉक्सवाला डोकावून गेला.

मग मी सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, माझ्या सहीने, आणि पोस्टात टाकून आले. ओमकारला सांगूनच टाकलं. पत्र टाकून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलंच नव्हतं अजून.

१६ डिसेंबर, रविवार

नाट्याला गेले. वाटेत दोनदा वाटलं उतरून परत फिरावं, पूर्णगडला तर पिशवी घेऊन उठलेही होते.

अम्मी इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या शोकात, आतल्या खोलीत. बायका येत जात होत्या. आसिया मला मागच्या पडवीत घेऊन गेली. वाळली आहे. ओढणी सारखी ओढून घेत होती. मी बसलेच नाही, उभ्याउभ्याच बोलले. एक्केचाळीस मी केलीच नव्हती. बसले होते, माझाही हात नाही चालला. आणि तरी तक्त्यावर पास लिहिलं.

ती ओरडली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तो तक्ता बघितलेला," ती म्हणाली. "अध्यक्ष आलेले तेवा. पुढं दी होता. मला किती बरा वाटला ताई. म्हटला, दीपालीताई हे मानीत नाय, तिनं केली. आता भ्यायचा काय नाय."

मग थांबून थांबून बाकीचं सांगितलं. त्या गुरुवारी अम्मीचा फोन आला होता, अब्बा अजून आले नाहीत म्हणून. अम्मी चप्पल घालून सखारामभाऊंच्या दाराशी जायला निघाल्या होत्या. आसियाने त्यांना थांबवलं. म्हणाली, आठपर्यंत थांब, काही असलं तर मला मेसेज येईल. सव्वाआठला परत फोन करून सांगितलं, मेसेज नाही म्हणजे अब्बा जयगडला लागलेत, तू जेवून झोप. शुक्रवारी सकाळीही अम्मी परत निघाल्या. परत हिनेच थांबवलं. "म्हटला, अम्मी, सारखी काय घाबरतेस? दीपालीताईनं तपासलंय."

मी खांब धरला. मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने हाताने गप्प केलं.

"अम्मीला यातला काय सांगू नको. ती म्हणते अल्लाची मर्जी होती. तेवडा ऱ्हाऊ दे तिच्याकडं."

मी मान हलवली. "आणि तुझं काय?" विचारलं. ती म्हणाली, "मी परत नाय येणार ऑफिसात. तू पण इथं येऊ नको ताई." ताई म्हणालीच, सवयीने.

मी निघाले तेवढ्यात आतून अम्मींचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. कोणीतरी सांगितलं, आसियाच्या ऑफिसातली बाई. तर मला आतच बोलावलं. पांढऱ्या कपड्यांत कॉटवर बसल्या होत्या. माझे दोन्ही हात धरले आणि तिथल्या बायकांना सांगितलं, हीच ती दीपाली, हिनंच माझ्या पोरीची नोकरी राखली. मग आसियाला म्हणाल्या, पोरगी रत्नागिरीहून आली, उपाशी पाठवतेस काय, पान वाढ तिला.

आसियाने पान वाढलं. भात आणि बांगड्याचं कालवण. ती समोर उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. अम्मी कॉटवरून सांगत होत्या, अजून घाल, लाजते ती, अजून घाल. मी जेवले. सगळं संपवलं.